शब्दचौकशी : ‘मॉर्गेज’मध्ये मरतं कोण?

या वेळचं सदर एकाच शब्दाला दिलं आहे. घरकर्ज, गहाणखत, सातबारावरचा बोजा, अमेरिकेतल्या भाच्याचं ‘मॉर्गेज’ अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले प्रश्न फिरून फिरून याच शब्दापाशी येत होते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो आहे. ‘मॉर्गेज म्हणजे मृत्यूचा करार. माणूस मरेपर्यंत हप्ते भरत राहतो म्हणून हे नाव पडलं.’ हे खरं आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच निरोप इतका पळतो. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. ‘मॉर’ म्हणजे मेलेलं आणि ‘गाज’ म्हणजे तारण. दोन्ही मिळून ‘मेलेलं तारण’. इथवर निरोप बरोबर आहे. पण या शब्दात मरतं ते तारण. कर्जदाराच्या मरणाशी त्याचा काही संबंध नाही, आणि हप्त्यांशी तर नाहीच, कारण शब्द जन्मला तेव्हा मासिक हप्ते ही कल्पनाच नव्हती.

तारण ‘मेलेलं’ का, याची दोन उत्तरं मिळतात. इंग्लंडात बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला आणि ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखला जाणारा एक कायदेग्रंथ आहे. पहिलं उत्तर त्यातलं. त्या काळी जमीन गहाण पडली की ती सावकाराच्या ताब्यात जाई आणि पीकही तोच घेई. मग प्रश्न असा, की त्या पिकाची किंमत कर्जातून वळती करायची की नाही? वळती होत असेल तर तारण जिवंत, कारण ते स्वतःच कर्ज फेडतं आहे. होत नसेल तर मेलेलं.

आपल्याकडचा हिशेब घालून पाहा. कलमांची बाग गहाण ठेवून 1 लाख रुपये घेतले आणि बागेचं निव्वळ उत्पन्न वर्षाला 20,000 धरलं. जिवंत तारणात, व्याज बाजूला ठेवलं तर, पाच वर्षांत कर्ज फिटून बाग मोकळी. मेलेल्या तारणात पाच वर्षं आंबे सावकाराने खाल्ले आणि सहाव्या वर्षी देणं पुन्हा तेच, 1 लाख. असा व्यवहार तेव्हा सावकारी पाप मानला जाई, पण राजाचं न्यायालय त्याला आडकाठी करत नसे.

दुसरं उत्तर पंधराव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश सर थॉमस लिटलटन यांचं. त्यांच्या म्हणण्यानुसार कर्जदार ठरल्या दिवशी पैसे आणील की नाही, हे कुणालाच माहीत नसतं. आणले नाहीत तर जमीन त्याच्यापुरती कायमची मेली. आणले तर सावकाराच्या हातातलं तारण मेलं. सर एडवर्ड कोक यांनी 1628 साली लिटलटनवर भाष्य लिहिलं आणि हीच व्युत्पत्ती पुढे घरोघर गेली. आमचा कौल ग्लॅनव्हिलकडे आहे. लिटलटनच्या काळापर्यंत गहाणाची पद्धतच बदललेली होती, त्यामुळे त्यांनी जुन्या शब्दाला नव्या पद्धतीतून अर्थ लावला असं दिसतं. ऐकायला मात्र लिटलटनचंच जास्त गोड लागतं.

प्रश्न : ‘मॉर्टगेज’ म्हणावं की ‘मॉर्गेज’? पाट्यांवर दोन्ही दिसतं. आणि टी उच्चारायचाच नाही तर स्पेलिंगमध्ये आला कशाला? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : इंग्रजी उच्चार ‘मॉर्गिज’ असा, ‘गि’ अगदी आखूड, आघात ‘मॉर’वर. टी कुठेच नाही. मराठीत ‘मॉर्गेज’ रुळलं आहे आणि त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. ‘मॉर्टगेज लोन’ ही पाटी मात्र स्पेलिंग वाचून रंगवलेली आहे.

टीची गोष्ट गमतीची आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत लिहिला जाऊ लागला तेव्हा तो टीविनाच लिहीत. पुढे लॅटिन जाणणाऱ्या पंडितांना मूळ शब्द दिसला पाहिजे असं वाटू लागलं, आणि टी पक्का झाला. लोकांची जीभ काही बदलली नाही. अगदी हेच ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दाचं झालं. फ्रेंचमधून तो बी-शिवाय आला होता. लॅटिन ‘डेबिटुम’ आठवून मध्ये बी खोचला गेला, आणि तेव्हापासून शाळेतली मुलं तो बी पाठ करताहेत. कर्जाच्या दोन मुख्य शब्दांत एकेक मुकं अक्षर, दोन्ही पंडितांची कृपा. विद्यार्थ्यांना या दोघांची जोडी करून सांगितली की स्पेलिंग सहसा चुकत नाही.

प्रश्न : बँकेच्या कागदात ‘मॉर्गेजर’ आणि ‘मॉर्गेजी’ असे दोन शब्द आहेत. कर्ज बँक देते, तर देणारी म्हणून बँक ‘मॉर्गेजर’ ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. बँक ‘मॉर्गेजी’, तुम्ही ‘मॉर्गेजर’. हा घोळ फार जणांचा होतो, शिकलेल्यांचासुद्धा, कारण आपलं लक्ष पैशाकडे असतं. पैसे बँक देते हे खरं, पण ‘मॉर्गेज’ म्हणजे पैसे नव्हेत. ती तारणाची बाजू आहे आणि तारण देता तुम्ही. कागद हातात आला की ‘पैसे कुणी दिले?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘गहाण कुणी दिलं?’ असं विचारा. उत्तर आपोआप सरळ येतं.

‘-ई’ हा शेपटासारखा प्रत्यय इंग्लंडच्या कायद्यातल्या फ्रेंचमधून आला. ज्याला काही दिलं जातं, तो ‘-ई’. भाडेपट्टा देणारा लेसर, घेणारा लेसी. दान देणारा डोनर, घेणारा डोनी. आपल्या जुन्या दस्तांमध्ये हीच जोडी किती सरळ आहे पाहा: वर ‘लिहून घेणार’, खाली ‘लिहून देणार’, मग ‘कारणे गहाणखत लिहून देतो ऐसाजे’. लिहून देणार तो मॉर्गेजर, लिहून घेणार तो मॉर्गेजी. डोक्यात एवढं बसवलं की पुरे.

कायद्याच्या मराठीत गहाण देणाऱ्याला ‘गहाणकार’ आणि घेणाऱ्याला ‘गहाणदार’ म्हणतात. इथे दुसरा खड्डा आहे. ‘कर्जदार’ म्हणजे कर्ज घेतलेला, म्हणून ‘गहाणदार’ही तोच असेल असं कानाला वाटतं. पण ‘दार’ म्हणजे धारण करणारा. कर्ज ज्याच्या अंगावर तो कर्जदार, गहाण ज्याच्या हातात तो गहाणदार. एकाच व्यवहारात कर्जदार आणि गहाणदार समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. कागदावर सही करण्याआधी आपलं नाव कोणत्या शब्दाखाली आलं आहे, हे बोट ठेवून पाहावं.

प्रश्न : न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, ‘मॉर्गेज भरतोय.’ आमच्या इथे बँकवाले म्हणतात, ‘तुमचं होम लोन आहे, मॉर्गेज लोन वेगळं.’ मी त्याला कळवलं की मी माझं लोन ‘फोरक्लोज’ केलं, तर त्याने घाबरून फोन केला. काय चुकलं? (एक निवृत्त वाचक, पुणे)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही आणि भाच्याचंही नाही. दोघांचं इंग्रजी वेगळं आहे.

अमेरिकेत आणि इंग्लंडात ‘मॉर्गेज’ हा शब्द तारणावरून घसरत कर्जावर आला. तिथे ‘टेक आउट अ मॉर्गेज’ म्हणजे घरासाठी कर्ज काढणं, ‘पे ऑफ द मॉर्गेज’ म्हणजे ते फेडून टाकणं. भाचा भरतो तो आपल्या भाषेतला घरकर्जाचा हप्ता. भारतात घर घेण्यासाठी काढलेलं ते ‘होम लोन’, आणि आधीच मालकीचं असलेलं घर किंवा गाळा तारण ठेवून धंद्यासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी उचललेलं ते ‘मॉर्गेज लोन’. कायद्याने पाहिलं तर दोन्हींत गहाण आहेच. फरक पैसा कशासाठी घेतला याचा, आणि त्यामुळे व्याजदराचाही: दुसऱ्या प्रकारचा दर बहुधा चढा असतो. म्हणून बँकेत जाऊन, अमेरिकी सवयीने, ‘घर घ्यायला मॉर्गेज लोन हवंय’ असं म्हटलं तर समोरचा भलताच अर्ज पुढे करील.

आता ‘फोरक्लोज’. शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘बाहेर ठेवून दार लावणं’. कायद्यात त्याचा नेमका अर्थ असा, की कर्जदाराचा गहाण सोडवण्याचा हक्क कोर्टाकडून कायमचा बंद करून घेणं. दार सावकार लावतो, कर्जदार बाहेर राहतो. अमेरिकेत ‘घर फोरक्लोजरमध्ये गेलं’ म्हणजे हप्ते थकले आणि घर जायची वेळ आली. भारतातल्या बँकांनी हाच शब्द उलटा फिरवून ‘मुदतीआधी पूर्ण कर्ज फेडून खातं बंद करणं’ या अर्थाने वापरात आणला. तुम्ही आनंदाची बातमी दिलीत आणि भाच्याला घर गेल्याचं ऐकू आलं. परदेशी नातेवाइकांशी बोलताना ‘पेड ऑफ’ म्हणा. इथल्या बँकेशी बोलताना ‘फोरक्लोजर लेटर’च मागा, नाहीतर तिथल्या काउंटरवर कुणाला कळायचं नाही.

आणि विषय निघालाच आहे तर: व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. पूर्ण फेडीनंतर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची आणि उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023पासून लागू आहे. कागद घेताना कर्जाच्या वेळी मिळालेली यादी समोर ठेवून एकेक पान मोजून घ्यावं. घराच्या आधीच्या खरेदी-विक्रीच्या साखळीतला एखादा जुना करारनामा राहून जातो आणि तो घर विकतानाच आठवतो.

प्रश्न : घर ‘मॉर्गेज’, गाडी ‘हायपोथिकेशन’, सोनं ‘प्लेज’. सगळं गहाणच ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मराठीत सगळं गहाणच. इंग्रजी कायद्यात वस्तू कुणाकडे राहते यावर शब्द बदलतो. जमीन, घर यांसारखी स्थावर मिळकत असेल तर ‘मॉर्गेज’. हलवता येणारी वस्तू सावकाराच्या हवाली केली तर ‘प्लेज’: दागिने बँकेच्या तिजोरीत जातात, पावती तुमच्या हातात. हलवता येणारी वस्तू तुमच्याकडेच राहिली आणि हक्क मात्र बँकेचा लागला तर ‘हायपोथिकेशन’. गाडी तुम्ही चालवता, पण नोंदणीपुस्तकात बँकेचं नाव असतं. कर्ज फिटलं म्हणजे ते नाव आपोआप निघत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना 35 घेऊन आरटीओत नोंद उतरवून घ्यावी लागते. हे राहून गेलं की गाडी विकताना अडतं.

प्रश्न : आजोबांच्या पोर्तुगीज कागदांत ‘हिपोतेका’ असा शब्द आहे. तो हायपोथिकेशनच का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नातं सख्खं, अर्थ वेगळा. दोन्ही शब्द ग्रीक ‘हुपोथेके’चे, म्हणजे ‘खाली ठेवलेलं’. पण पोर्तुगीज ‘हिपोतेका’, ज्यातला ह उच्चारत नाहीत, म्हणजे स्थावराचं गहाण, इंग्रजीतलं ‘मॉर्गेज’. त्या कागदांत दागिन्यांचं किंवा वस्तूंचं तारण असेल तर तिथे ‘पेन्योर’ सापडेल. म्हणजे आजोबांच्या कागदातला शब्द आजच्या गाडीच्या कागदाशी जुळवू नका, जमिनीचीच नोंद शोधा. फ्रेंचांनीसुद्धा ‘मॉर्गेज’ केव्हाच सोडून दिलं. त्यांच्याकडेही आज हा ग्रीक शब्दच चालतो, आणि त्यांचं जुनं ‘मेलेलं तारण’ इंग्रज सांभाळून बसले आहेत.

प्राचीन अथेन्सच्या परिसरात गहाण जमिनीत दगड रोवत आणि त्यावर कर्जाचा मजकूर कोरत. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की या जमिनीवर कुणाचा तरी हक्क आहे. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा म्हणजे तोच दगड, कागदावर रोवलेला.

प्रश्न : गावाकडे ‘मुदतखरेदी’ नावाचा प्रकार चालतो. ते मॉर्गेज की विक्री? इंग्रजी कागदात त्याला काय म्हणतात? (एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : हा प्रश्न या अंकातला सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून थोडं विस्ताराने.

1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58मध्ये गहाणाचे सहा प्रकार आहेत. ताबा मालकाकडेच राहतो ते साधं गहाण, आपलं नजरगहाण. ताबा आणि उत्पन्न सावकाराकडे जातं ते कबजेगहाण. मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून होतं ते तिसरं. शहरातली बरीच घरकर्जं या तिसऱ्या प्रकारची असतात आणि त्याची सूचना महाराष्ट्रात 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. चौथं ‘इंग्लिश मॉर्गेज’. गंमत अशी, की इंग्लंडने 1925च्या कायद्याने जमिनीची मालकीच सावकाराच्या नावे करायची ही जुनी रीत मोडीत काढली. ‘इंग्लिश’ हे नाव आता आपल्या कायद्यात उरलं आहे. सहावा प्रकार म्हणजे या कशातच न बसणारी सरमिसळ.

मधला पाचवा, तुमच्या प्रश्नातला. कायद्यात त्याचं नाव ‘मॉर्गेज बाय कंडिशनल सेल’, म्हणजे शर्तीच्या विक्रीचं गहाण. वरवर खरेदीखत, आत शर्त: ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत. घोळ इथे होतो. शर्त तोंडी असते किंवा वेगळ्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेली असते. 1929च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट घातलं आहे, की ही शर्त त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर व्यवहार गहाण मानला जाणार नाही. म्हणजे खरेदीखत एक, ‘परत देईन’ ही चिठ्ठी दुसरी, असं झालं की कोर्टापुढे ती सरळ विक्री ठरते. मुदत टळल्यावर ‘साहेब, ते गहाण होतं’ म्हणून चालत नाही.

शर्त त्याच दस्तात असली तरी कोर्ट इतर खुणा तपासतं. किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी होती का? ताबा प्रत्यक्ष कुणाकडे राहिला? शेतसारा कोण भरत होतं? फेरफार लगेच करून घेतला की वर्षानुवर्षं तसाच राहिला? खरा खरेदीदार सहसा फेरफाराला उशीर करत नाही. म्हणून सारा भरल्याच्या पावत्या आणि त्या वर्षांचे पीकपाहणीचे उतारे जपून ठेवावेत.

एकदा का व्यवहार गहाण ठरला, की बाजू पालटते. ‘एकदा गहाण ते कायम गहाण’ हे इंग्रजी न्यायालयांतून आलेलं सूत्र आपल्याकडेही पाळलं जातं. करारात ‘मुदत टळल्यास जमीन सावकाराची’ असं लिहिलं म्हणून कलम 60खालचा सोडवणुकीचा हक्क बुडत नाही. 1963च्या मुदत कायद्यात गहाण सोडवण्यासाठी 30 वर्षं दिली आहेत. ती हक्क उत्पन्न झाल्या दिवसापासून मोजतात. विनापरवाना सावकाराने अशी जमीन बळकावली असेल तर महाराष्ट्राच्या 2014च्या सावकारी कायद्याच्या कलम 18खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

आणखी एक. 100 रुपये किंवा जास्त रकमेचं गहाण, दस्तऐवज ठेवून केलेलं सोडलं तर, नोंदणीकृत दस्तानेच होतं. त्यावर गहाणकाराची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. 1882 साली 100 रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात चार माणसांचा चहा-नाश्ता होत नाही, पण कायद्यातला आकडा तोच आहे. म्हणजे व्यवहारात प्रत्येकच गहाण नोंदवावं लागतं.

कर्ज फिटल्यावर सातबारावरचा बोजा उतरवायला बँकेचं किंवा सोसायटीचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीतून अर्ज करावा. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. पत्र दिलं म्हणजे बोजा गेला असं धरून बसलेले लोक तालुक्याला खेपा घालताना दिसतात.

प्रश्न : ‘मॉर्ट’ असलेले बाकीचे शब्द मरणाशी जोडलेले आहेत का? ‘अमॉर्टायझेशन’ आणि ‘मोरेटोरियम’ हे बँकेचे शब्दही त्यातलेच का? (एक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : पहिला हो, दुसरा नाही. परीक्षेत या दोघांची गल्लत होते.

‘मॉर्टल’ म्हणजे मर्त्य, ‘मॉर्च्युरी’ म्हणजे शवागार, ही सगळी लॅटिन ‘मॉर्स’ची लेकरं. आपला ‘मृत’ हा शब्द त्यांचा चुलतभाऊ: संस्कृत, लॅटिन आणि फारसी ‘मुर्दा’ यांची मूळ धातू एकच. ‘अमॉर्टायझेशन’ही याच घराण्यातला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जीव काढून घेणं. कर्ज एकदम संपवायचं नाही, हप्त्याहप्त्याने त्याचा जीव काढायचा.

तो जीव किती हळू जातो, ते आकड्यांत बघा. 30 लाख रुपये, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण 26,992. पहिल्या महिन्याचं व्याज 22,500. म्हणजे मुद्दलात गेले फक्त 4,492. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला 149वा हप्ता उजाडतो, तेराव्या वर्षातला. 10 वर्षं इमानेइतबारे भरल्यावरही सुमारे 21 लाख 31 हजार बाकी असतात. 20 वर्षांत एकूण व्याज सुमारे 34 लाख 78 हजार, मुद्दलाहून जास्त. ‘निम्मी वर्षं झाली म्हणजे निम्मं कर्ज गेलं’ हा समज इथेच फुटतो. जादा रक्कम भरायची असेल तर पहिल्या वर्षांत भरण्याला महत्त्व आहे ते यामुळे, आणि भरताना ‘मुदत कमी करा’ की ‘हप्ता कमी करा’ हे बँकेला लेखी सांगावं. व्याज वाचवायचं तर मुदत.

‘मोरेटोरियम’ लॅटिन ‘मोरा’वरून, म्हणजे उशीर. मरणाशी संबंध नाही. 2020च्या टाळेबंदीत मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा मिळाली तो मोरेटोरियम. पुष्कळांनी तो ‘हप्ते माफ’ असा समजून घेतला. हप्ता थांबला, व्याज चालूच होतं. शब्दाचा अर्थ उशीर एवढाच धरला असता तर तो गैरसमज झाला नसता.

आता ‘गेज’ची बाजू. फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतला हा शब्द फ्रेंचमध्ये जाताना व-चा ग झाला. म्हणून इंग्रजीत एकाच मुळाच्या दोन-दोन शाखा दिसतात: ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’, ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’, तसेच ‘वेज’ म्हणजे मजुरी आणि ‘गेज’ म्हणजे तारण. ‘वेडिंग’ही याच घरातलं, आणि ‘एंगेजमेंट’ म्हणजे शब्दशः तारणात अडकणं. साखरपुड्याची पत्रिका इंग्रजीत छापणाऱ्यांनी वाटल्यास हे वाक्य वगळावं. मोजण्याचं ‘गेज’, रेल्वेचं ब्रॉड गेज वगैरे, हा मात्र वेगळा शब्द. स्पेलिंगमध्ये यू आहे, नातं नाही.

प्रश्न : वाक्यात वापरताना नेमके कुठे चुकतात? (एक वाचक, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

उत्तर : तीन ठिकाणी. एक, कर्ता: ‘द बँक मॉर्गेज्ड माय हाउस’ चूक, कारण गहाण तुम्ही ठेवलं. ‘आय मॉर्गेज्ड माय हाउस टू द बँक’ बरोबर. दोन, शब्दयोगी: घरावरचं कर्ज म्हणायचं तर ‘मॉर्गेज ऑन द हाउस’, बँकेकडे ठेवलं म्हणायचं तर ‘टू’. ‘फ्रॉम’ चालतो, पण तेव्हा शब्दाचा अर्थ कर्ज असतो. तीन, ‘रिव्हर्स मॉर्गेज’. काहींना वाटतं ते गहाण सोडवणं. प्रत्यक्षात ज्येष्ठ नागरिकाने घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक रकमा घेत राहायच्या, राहायचं त्याच घरात. हप्त्याची दिशा उलटी, म्हणून ‘रिव्हर्स’. आणि ‘होम इक्विटी’तल्या ‘इक्विटी’चा उगमही गहाणातच आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाने, तारीख टळली तरी पैसे आणणाऱ्याला जमीन सोडवू दिली. त्या हक्काचं नाव ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’. तेच शेपूट तोडून आज घराच्या किमतीतला आपला वाटा म्हणून वापरतात.

लाक्षणिक अर्थाने ‘मॉर्गेज द फ्यूचर’ म्हणतात, आजच्या सोयीसाठी उद्या गहाण टाकणं. इंग्रजीत भविष्य गहाण पडतं. आपल्याकडे बहुधा अक्कल.

प्रश्न : आणि ‘गहाण’ कुठून आला? (तोच वाचक)

उत्तर : संस्कृत ‘ग्रहण’, प्राकृत ‘गहण’, मराठी ‘गहाण’. धरणं, घेणं हा मूळ अर्थ. सूर्याला लागतं ते ग्रहण आणि शेताला लागतं ते गहाण एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. मराठीने त्याला क्रियापदं मात्र फार नेमकी जोडली. दागिने गहाण ‘ठेवतात’, यात नुसता व्यवहार आहे. घर गहाण ‘टाकतात’, यात नाइलाज आला. जमीन गहाण ‘पडते’, इथे कर्त्याच्या हातात काही राहिलेलं नाही. आणि परत आणताना तिन्ही वेळी एकच क्रियापद, ‘सोडवणं’. इंग्रजीत त्या जागी ‘रिडीम’ येतं, ज्याचा लॅटिनमधला अर्थ परत विकत घेणं. भाषांतर करताना ‘गहाण पडलं’ला नुसतं ‘वॉज मॉर्गेज्ड’ लिहिलं की व्याकरण बरोबर येतं आणि नाइलाज गळून पडतो. तिथे ‘हॅड टू बी मॉर्गेज्ड’ लिहावं.